नवा कार स्टिरिओ बसवला, पण चालूच होत नाही (वॅगन आर, २००८)

घनसाळ_भात | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

बाबांची २००८ ची वॅगन आर एलएक्सआय आहे. घेतली तेव्हा तिच्यात टेप नव्हता, बाहेरच्या एका दुकानात सीडीवाला सेट बसवून घेतला होता. गेल्या पावसाळ्यापासून तो त्रास द्यायला लागला. आधी आवाज वाढवला की आपोआप बंद व्हायचा, शेवटी शेवटी तर नुसता डिस्प्ले लुकलुकायचा. गेला म्हणून काढून ठेवला.

महिन्यातून दोनदा बाबांना घेऊन आजऱ्याहून कोल्हापूरला दवाखान्यात जावं लागतं. वाटेत १०२.७ वर कोल्हापूर आकाशवाणी लागली की त्यांचा प्रवास सुखाचा होतो. गेले सहा महिने ते गप्प बसून येतात, ते मला बघवत नाही. म्हणून ऑनलाइन एक साधा सेट मागवला. ब्लूटूथ, यूएसबी, एफएम, एवढंच.

जुन्या सेटचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) नव्याला बसेना, म्हणून कापला आणि रंगाला रंग जोडला: पिवळीला पिवळी, लालला लाल, काळीला काळी. वर टेप गुंडाळली. चावी फिरवली तर काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही.

मल्टिमीटरने मोजलं. चावी चालू ठेवून पिवळी ते काळी १२.३ व्होल्ट, लाल ते काळी १२.३ व्होल्ट. सेटच्या मागचा १० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. रीसेटचं भोक टाचणीने दाबून झालं. अँटेनाची वायर आखूड पडते म्हणून अजून लावलेली नाही.

करंट येतोय, तरी सेट मेलेला. बदलून घ्यायची मुदत मंगळवारी संपते. परत पाठवू का?

---

रंकाळा_तलाव | शनिवार, रात्री ९:२५

भावा, १२ व्होल्ट येतोय म्हटल्यावर विषयच संपला. सेट डेड आहे, पाठव परत.

---

पाऊसवेडी | शनिवार, रात्री ९:४८

परत पाठवायच्या आधी सेट टेबलावर तपासा. बाइकची बॅटरी किंवा कॉम्प्युटरच्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी घ्या. काळी वायर निगेटिव्हला, पिवळी आणि लाल एकत्र करून पॉझिटिव्हला. चालू झाला तर दोष गाडीत, नाही झाला तर सेटमध्ये. सेटमागचा फ्यूज जागेवर असू द्या आणि स्पीकरच्या वायरींची उघडी टोकं एकमेकींना किंवा सेटच्या पत्र्याला लागू देऊ नका, प्रत्येकीला वेगळी टेप लावा.

मी माझ्या गाडीचा सेट असाच न तपासता परत पाठवला होता. दुसराही तसाच ‘मेलेला’ निघाला. शेवटी सापडला तो डॅशबोर्डखालचा उडालेला फ्यूज.

---

कोकणकडा | शनिवार, रात्री १०:३०

पाऊसवेडीने सांगितलं तसंच आधी करा. मी रत्नागिरीकडे आयटीआयमध्ये वायरिंग शिकवते. ‘नवा सेट बंद’ म्हणून जे येतात, त्यांतले बहुतेक सेट टेबलावर ठणठणीत चालतात.

गाडीतल्या काही गोष्टी उद्या उजेडात बघून सांगा.

केबिनमधला दिवा लागतो का? मोबाइल चार्जिंगचं सॉकेट चालतं का? बऱ्याच गाड्यांत स्टिरिओची कायम चालू राहणारी वायर आणि केबिनचा दिवा एकाच फ्यूजवर असतात, आणि चावीवर चालणारी वायर चार्जिंग सॉकेटच्या फ्यूजवर. त्यामुळे डॅशबोर्ड न उघडताच अर्धं उत्तर मिळतं.

दुसरं, चावी काढून पिवळी मोजलीत का? तुम्ही दोन्ही वायरी चावी चालू असताना मोजल्यात. त्या वेळी दोन्हींवर १२ दिसणारच.

तिसरं, काळी वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. पिवळ्या-लालच्या मागे सगळे लागतात, काळीकडे कोणी बघत नाही.

रंगांवर तर अजिबात विसंबू नका. नव्या सेटचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे बॅटरीवरून कायम, लाल म्हणजे चावीवरून, काळी म्हणजे अर्थ (गाडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीकडे परत जायची वाट), निळी अँटेनाला किंवा अँप्लिफायरला, नारिंगी दिव्यांची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या जोड्या, त्यातली काळ्या पट्ट्याची निगेटिव्ह. पण गाडीच्या बाजूला २००८ मध्ये कुणी कोणती वायर ओढली असेल, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

---

रंकाळा_तलाव | रविवार, सकाळी ७:५०

ताई, एवढं कशाला? लाल-पिवळी एक करून थेट बॅटरीवरून वायर ओढायची. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

---

कोकणकडा | रविवार, सकाळी ८:३५

रंकाळा, तसं केलं की चावीचा आणि सेटचा संबंधच तुटतो. सेट बटणाने बंद करायचं लक्षात राहिलं नाही की तो रात्रभर बॅटरी खातो. समजा नुसता जागा राहून त्याने ३०० मिलीअँपिअर घेतले, तर दिवसाला सात अँपिअर-तासांच्या वर गेले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टक टक करणार. पिवळ्या वायरीवर सेटने आपली स्टेशनं आणि घड्याळ सांभाळायचं असतं, त्याला काही मिलीअँपिअर पुरतात. म्हणून तर वायरी दोन दिलेल्या असतात.

आणि थेट ओढायचीच असेल तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. सेटमागचा फ्यूज सेटला वाचवतो, वायरीला नाही. बॅटरीपासून सेटपर्यंतची वायर वाटेत पत्र्यावर घासून उघडी पडली तर मध्ये अडवणारं काहीच नसतं, थेट आग लागते. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे प्रकारही मी बघितलेत. कृपया कुणी करू नका. फ्यूजची लाल पाती १० अँपिअरची, निळी १५ ची, पिवळी २० ची. जी होती तीच लावायची.

---

रंकाळा_तलाव | रविवार, सकाळी ८:५२

पटलं ताई. माझ्या टेम्पोत तसंच जोडलंय, आज संध्याकाळीच फ्यूज टाकून घेतो.

---

घनसाळ_भात | रविवार, दुपारी १२:१५

सगळ्यांचे आभार. सकाळपासून याच्यामागे आहे.

१. बाइकची बॅटरी काढून टेबलावर जोडला. सेट लगेच चालू झाला! ब्लूटूथही लागलं. म्हणजे सेट चांगला आहे. परत पाठवला असता तर फुकट गेलं असतं सगळं.

२. केबिनचा दिवा लागतो, चार्जिंग सॉकेटही चालतं.

३. चावी काढून मोजायचं राहिलं, कारण मध्येच वेगळंच काही झालं. अँटेनाला जोडवायर मिळाली म्हणून ती लावली, तर सेटचा डिस्प्ले मिणमिणला आणि विझला. अँटेना काढली की एकदम मेलेला, लावली की पुन्हा मिणमिण. अँटेनातून करंट कसा काय येतो?

---

जर्सीकर | रविवार, दुपारी १२:४०

अँटेनातून करंट *येत* नाही, परत *जातोय*. कोकणकडा ताई नीट सांगतील, पण माझं मत: अर्थ गेलाय.

---

कोकणकडा | रविवार, दुपारी १:२०

जर्सीकर बरोबर बोलताहेत. घनसाळ, तुम्ही अँटेना लावून बघितलीत हे फार चांगलं केलंत.

अँटेनाच्या वायरीत मधला तार सिग्नलचा, आणि त्याभोवतीची जाळी तळाशी गाडीच्या पत्र्याला टेकलेली असते. सेटच्या बाजूला तीच जाळी सेटच्या लोखंडी डब्याला जोडली जाते. काळी वायर नीट अर्थ देत नसली की करंट बिचारा या जाळीतून वाट काढतो. ती बारीक, तळाशी बहुतेक वेळा गंजलेली, म्हणून दिवा मिणमिणण्यापुरताच करंट जातो. आवाज वाढवला, म्हणजे जास्त करंट लागला, की व्होल्टेज कोसळतं आणि सेट बंद. तुमचा जुना सेट नेमका असाच वागायचा, पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय.

आता तुमचा खरा प्रश्न: मग मीटर १२.३ का दाखवतं?

कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या पिवळ्या मीटरचा आतला रोध साधारण दहा लाख ओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टला तो घेतो १२ मायक्रोअँपिअर. तुमच्या काळ्या वायरीचा सांधा कळकून १०० ओहमचा झाला असला, तरी एवढ्याशा करंटला तिथे दीड मिलीव्होल्टसुद्धा पडत नाही. मीटरला सगळं छान दिसतं. सेटला मात्र चालू होताना त्याच्या हजारोपट करंट लागतो, आणि मग सगळे १२ व्होल्ट त्या कळकलेल्या सांध्यावरच खर्ची पडतात. नळ उघडा नसताना पाइपातला दाब मोजण्यासारखं आहे हे. चोंदलेल्या पाइपातसुद्धा दाब पूर्ण दिसतो, तोटी उघडली की धार किती ते कळतं.

म्हणून वजन टाकून, म्हणजे करंट खेचणारं काहीतरी लावून मोजा. मागच्या ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो.

सेट काढून ठेवा. चावी चालू करून बल्ब पिवळी आणि काळी यांच्यामध्ये लावा. मग पिवळी आणि गाडीचा स्वच्छ खरवडलेला पत्रा यांच्यामध्ये. दोन्हींतला फरक लिहा. बल्ब पिवळी-काळीवर असतानाच काळी वायर ते बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल एवढं मोजा. तिथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं.

---

सिंहगड_रोड | रविवार, दुपारी २:०५

धागा हायजॅक करत नाही, पण प्रश्न याच जातीचा आहे. माझ्या स्कोडात अँड्रॉइड सेट बसवला. पिवळीवर १२ कायम, काळी चांगली (बल्बने आत्ताच बघितली), लालवर मात्र चावी कुठेही फिरवली तरी शून्य. सेट मेलेला. फ्यूज सगळे तपासले.

---

जर्सीकर | रविवार, दुपारी २:३०

सिंहगड_रोड, फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत रेडिओच्या कपलरमध्ये चावीची वायरच नसते. चावी फिरली हे रेडिओला कॅन-बसच्या (गाडीतले भाग एकमेकांशी बोलतात त्या) डेटा तारांवरून कळतं. साध्या सेटला ती भाषा येत नाही. सेटबरोबर कॅन-बॉक्स मिळतो, तो आपल्या मॉडेलचा घेऊन मध्ये लावला की तोच लालवर १२ व्होल्ट देतो. नाहीतर फ्यूजबॉक्समधल्या चावीवर चालणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) लावून लाल वायर आणायची.

जुन्या फोक्सवॅगनमध्ये आणखी एक घोळ आहे. आयएसओ (ठरलेल्या प्रमाणाच्या) कपलरमध्ये ४ नंबरची पिन कायम करंटची आणि ७ नंबरची चावीची असं ठरलेलं आहे, त्यांच्यात ती अदलाबदल असते. त्यासाठीच बऱ्याच सेटच्या पिवळ्या-लाल वायरींत मध्ये छोटे जोड दिलेले असतात, ते काढून उलटसुलट लावता येतात.

---

पाऊसवेडी | रविवार, दुपारी ३:१०

नवख्यांसाठी: डॅशबोर्ड उघडण्याआधी दहाचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, आधी तेच. एअरबॅगवाली गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या रंगाच्या कपलरना हात लावू नका. सेटची पिवळी वायर वेगळी आणि एअरबॅगचे पिवळे कपलर वेगळे, इथे गल्लत नको. आणि गाडीत कंपनीचा मूळ रेडिओ असेल तर त्याचा कोड आधी शोधून ठेवा. होंडासारख्या गाड्यांचे रेडिओ बॅटरी काढून लावली की कोड मागतात.

---

घनसाळ_भात | रविवार, सायंकाळी ६:४०

ताई, मोजलं.

पिवळी ते काळी: बल्ब अजिबात पेटला नाही. तारसुद्धा लाल झाली नाही.
पिवळी ते खरवडलेला पत्रा: लख्ख.
बल्ब लावलेला असताना काळी ते बॅटरी निगेटिव्ह: ११.६ व्होल्ट.

तोच मीटर, तीच काळी वायर. काल १२.३ बघून मी सेटला दोष देत होतो.

मग काळीचा माग काढत गेलो. ती सेटच्या डाव्या पट्टीमागे जाऊन एका स्क्रूखाली दाबलेली निघाली. पट्टी रंगवलेली, स्क्रू गंजून तपकिरी, वायरीच्या टोकाला हिरवा थर. हात लावला तर दोन-चार तारा तुटून हातात आल्या. वरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून नेमकं तिथे येत असणार, पत्र्यावर ओघळाच्या खुणा आहेत.

आता काय करू? तोच स्क्रू साफ करून लावू?

---

कोकणकडा | रविवार, सायंकाळी ७:०५

तो सांधा सोडून द्या. रंगवलेल्या पट्टीवरचा अर्थ साफ केला तरी पुढच्या पावसात परत जाईल.

दीड चौरस मिलिमीटरची नवी काळी वायर घ्या, टोकाला गोल लग (धातूचं कडं) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. डॅशबोर्डच्या आत आडवा लोखंडी बार असतो, त्यावरचा किंवा बाजूच्या मुख्य पत्र्यावरचा पक्का बोल्ट निवडा. लगाखालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही.

बाकीचे सांधे नुसते पिळून टेप लावलेत ना? उन्हात डॅशबोर्ड तापला की टेपचा डिंक वितळतो आणि ती सुटते. शक्य असेल तर सोल्डरचा डाग देऊन श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) घाला.

स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी कुठेही अर्थला लावू नका, जुन्या फिटिंगमध्ये लावलेल्या असल्या तर सोडवा. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात. एक पत्र्याला लागली की सेट स्वतःला वाचवायला बंद होतो, नाहीतर आतला अँप्लिफायर जातो.

आणि चावी काढून पिवळी मोजायचं अजून राहिलंय.

---

घनसाळ_भात | सोमवार, रात्री ८:२०

चालू झाला!

गडहिंग्लजहून वायर, लग आणि स्लीव्ह आणल्या. ताईंनी सांगितलं तसं बारच्या बोल्टवर अर्थ घेतला. बल्ब लख्ख. सेट लावला, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात डिस्प्ले आला. आवाज पूर्ण वाढवून सेटचा डबा ते बॅटरी निगेटिव्ह मोजलं, ०.०४ व्होल्ट.

आणि ताई, चावी काढून मोजलं. गाडीकडून येणारी पिवळी शून्य होते आणि लाल १२ वरच राहते! म्हणजे २००८ मध्ये बसवणाऱ्याने उलट जोडलं होतं. जुना सेट प्रत्येक वेळी स्टेशनं विसरायचा, बाबा दर वेळी हाताने १०२.७ शोधायचे. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, तो सेटच तसा आहे. अदलाबदल करून पुन्हा जोडलं. आता चावी काढून घातली तरी १०२.७ वरच उघडतो.

---

पाऊसवेडी | सोमवार, रात्री ८:३१

फार छान वाटलं वाचून. वाचनखूण साठवली.

---

सिंहगड_रोड | सोमवार, रात्री ९:००

अभिनंदन! माझाही लागला. कॅन-बॉक्स खोक्यातच होता, फिटरने तो ‘गरज नाही’ म्हणून बाजूला ठेवला होता. जर्सीकर, धन्यवाद.

---

जर्सीकर | सोमवार, रात्री ९:४५

दोन्ही बातम्या चांगल्या. अमेरिकेतून सेट नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. अमेरिकेतला सेट मी पुण्यात भावाच्या गाडीला बसवला, चालू झाला, पण विविध भारती १०१ वर लागेना. अमेरिकेत एफएम २०० किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालतं, १००.९ नंतर थेट १०१.१. मधलं १०१.० सेटला दिसतच नाही. मीडियम वेव्हचंही तसंच. तिथे टप्पा १० चा, आपल्याकडे ९ चा, म्हणून पुणे केंद्राचं ७९२ सापडत नाही. सेटच्या मेनूत विभाग बदलायची सोय असते, ती बदलली की दोन्ही लागतात. सेट खराब आहे म्हणून टाकू नका.

---

कोकणकडा | सोमवार, रात्री १०:१०

घनसाळ, मनापासून आनंद झाला. एक विचारते: जुना सीडीवाला सेट अजून घरात आहे का? त्याची लक्षणं सगळी अर्थचीच होती. टेबलावर लावून बघा.

---

घनसाळ_भात | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, बघितला.

माळ्यावरून काढला, धूळ पुसली, बाइकच्या बॅटरीला जोडला. चालू झाला. आत सीडी होती, आईची हरिपाठाची. गेल्या पावसाळ्यापासून आतच अडकलेली, ती घरभर शोधत होती. जिथे थांबली होती तिथून नाही, पहिल्यापासून लागली, पण एकदाही न अडखळता.

बाबा नव्या सेटवर खूश आहेत, उद्या सकाळी कोल्हापूरला जायचंय. पण आई म्हणते जुना तिला स्वयंपाकघरात हवा. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालेल का? किती अँपिअरचा घेऊ?

---

कोकणकडा | मंगळवार, रात्री ९:५०

चालेल. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा चांगला एसएमपीएस (अडॅप्टरचाच प्रकार) घ्या, घरातल्या आवाजाला भरपूर झाला. पिवळी-लाल एकत्र करून पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. स्पीकर ४ ओहमचे असू द्या. अडॅप्टर मागे बंद केला की सेट घड्याळ आणि स्टेशनं विसरेल, सीडीला काही फरक पडणार नाही. ओट्यापासून लांब ठेवा, तेलाच्या वाफेने लेन्स धुरकटते.

---

घनसाळ_भात | मंगळवार, रात्री ९:५८

फळीवर ठेवतो, देव्हाऱ्याच्या बाजूला. उद्या कोल्हापुरातूनच अडॅप्टर आणतो.